शेवंतानं दारातल्या उजेडात पाहिलं ते

हिंगणघाटात मला लोक 'चष्मेवाले साहेब' म्हणत, गिरडच्या बाजूला 'टारचवाले डाक्टर' आणि आष्टीकडे नुसतंच 'ओ डोयेवाले'. कागदोपत्री मी नेत्रसाहाय्यक होतो. म्हणजे आरोग्य केंद्रात बसायचं, कोणाला किती दिसतं ते पाहायचं, चष्म्याचा नंबर काढायचा, डोळ्यात गेलेला कचरा काढायचा, मोतीबिंदू पिकलेल्यांची नावं शिबिरासाठी लिहून घ्यायची, आणि जे आपल्याला कळत नाही ते मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचं. यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड. ते मी फार उशिरा शिकलो.

एरवी काम मजेचं होतं. कापसाचा हंगाम सुरू झाला की हिंगणघाटच्या जिनांमधून, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांतून, लाल डोळ्यांची रांगच लागायची. रुईचे तंतू डोळ्यात, चोळून चोळून डोळा टोमॅटोसारखा. पाणी मारायचं, पापणी उलटी करायची, कापसाच्याच बोळ्यानं कापूस काढायचा. एका गावचा सत्तरीतला म्हातारा माझ्याकडे तीन वेळा आला. त्याची नजर माझ्यापेक्षा चांगली होती. तरी तो म्हणे, "मले सरपंचाच्या नंबरचा चष्मा द्या." मी म्हटलं, तुम्हाला नंबर नाही. तो म्हणाला, "मंग त्याले कसा भेटला? त्याचं अन् माहं वय एकच हाय." शेवटी साध्या काचेची फ्रेम करून दिली तेव्हा कुठे समाधान झालं. पोळ्याला ती लावून तो गावभर हिंडला म्हणे.

तसेच आमचे गुलाबचंद शेठ. हिंगणघाटला कापडाचं दुकान. वरच्या पापणीवर रांजणवाडी झाली म्हणून आले. रांजणवाडी म्हणजे पापणीतल्या तेलाच्या बारीक पिशवीचं तोंड बुजतं आणि गाठ येते. शेकून जाते, नाही गेली तर जरा चिरून साफ करतात. शेठजींची दोनदा दुसरीकडे साफ झाली होती आणि आता तिसऱ्यांदा त्याच जागी आली होती. मी टॉर्च धरला. गाठीजवळच्या पापणीचे केस झडलेले दिसले.

"बस, जरा चीरा लगाव और मला मोकळा करा. सीझन चालू आहे," शेठजी म्हणाले.

मी त्यांना वर्ध्याला आमच्या साबळे डॉक्टरांकडे पाठवलं. साबळेबाई डोळ्यांच्या सर्जन. हाताला हलक्या, बोलायला तिखट. त्यांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. शेठजी माझ्यावर इतके रागावले की आठवडाभर दुकानासमोरून जाताना मी पलीकडच्या बाजूनं जायचो. तुकड्याचा निकाल आला. पापणीच्या तेलग्रंथींचा कॅन्सर. साठीच्या माणसाला पुन्हा पुन्हा एकाच जागी येणारी रांजणवाडी कधी कधी रांजणवाडी नसतेच, हे मला बाईंनीच शिकवलं होतं. वेळेत पापणीचा तो भाग काढला, उरलेल्यातून पापणी पुन्हा शिवली, आणि शेठजी बरे झाले. त्यानंतर त्यांनी एक नवीनच त्रास सुरू केला. दुकानात लुगडं घ्यायला आलेल्या कोणाच्याही पापणीवर पुळी दिसली की ते माझ्याकडे धाडायचे. दर सोमवारी आठ-दहा साध्या रांजणवाड्या माझ्या बाकावर! मी एकदा तक्रार केली तर म्हणाले, "साहेब, दहा फालतू आल्या तर चालेल. अकरावी माझ्यासारखी निघाली तर?" मग मी कधी बोललो नाही.

शेठजींच्या बाबतीत मी शहाण्यासारखा वागलो, कारण त्याआधी एकदा मूर्खासारखा वागलो होतो.

नोकरीला दोनच वर्षं झाली होती. आष्टीजवळच्या एका गावचे किसनाजी नावाचे शेतकरी त्यांच्या दोन वर्षांच्या मुलाला घेऊन शिबिराला आले. मधुकर नाव. गोरागोमटा, हसरा पोरगा. उजवा डोळा नाकाकडे वळलेला. बाकी काही नाही. किसनाजी म्हणाले, "पहिले असा नोता जी. दोन महिन्यांपासून तिरपा पाहून राह्यला."

मी टॉर्च दाखवला, त्याच्यापुढे खुळखुळा हलवला आणि सांगितलं, "लहान आहे. शाळेत जायला लागला की चष्मा देऊ." रांगेत शंभरेक माणसं होती. शिबिराचे डॉक्टर मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांत गुंतलेले. मी त्यांना विचारलंही नाही. विचारण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नाही.

दहा महिन्यांनी किसनाजी मुलाला खांद्यावर टाकून थेट वर्ध्याला आले. त्या दिवशी मीही तिथल्या दवाखान्यात होतो. डोळा लाल होऊन बाहेर आला होता. साबळेबाईंनी पाहिलं आणि मला बाजूला बोलावलं. "याला आधी कोणी पाहिलं होतं?" मी म्हटलं, मी. मुलाला नागपूरला पाठवलं, पण आजार डोळ्याच्या नसेतून मेंदूकडे गेला होता. पोर उन्हाळा ओलांडू शकलं नाही.

मग बाईंनी मला अंधाऱ्या खोलीत बसवून शिकवलं. ते इथे साध्या शब्दांत सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरात लहान मूल असेलच.

डोळ्याच्या मधली काळी बाहुली म्हणजे एक खिडकी. आतली मागची भिंत रक्तवाहिन्यांनी लाल असते. नीट उजेड टाकून पाहिलं तर बाहुलीतून आपल्याकडे नारिंगी-लाल झाक परत येते. त्या मागच्या पडद्यावरच कॅन्सरची एक गाठ वाढते, पाचेक वर्षांच्या आतल्या मुलांना, कधी एका डोळ्यात, कधी दोन्हींत. ती पांढरी असते. मग उजेड पांढरा होऊन परत येतो. अंधारातल्या मांजराच्या डोळ्यासारखा. त्या डोळ्याला दिसेनासं झालं की तो भरकटतो आणि मूल तिरळं होतं. मुलाला दुखत नाही, ताप येत नाही, ते खेळतं, खातं. दुखायला लागतं, डोळा लाल होतो, सुजतो, तोवर बराच उशीर झालेला असतो. हल्ली घरोघरी फोटो निघतात. फ्लॅशच्या फोटोत मुलाचा एक डोळा लालसर आणि दुसरा पांढरा आला तर फोटो खराब आला म्हणून टाकून देऊ नका, मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. बहुतेक वेळा दुसरंच काही निघतं, लहान मुलांचा मोतीबिंदूही असतो. पण पाहून घ्यायचं ते त्याच आठवड्यात.

मधुकर गेल्यावर वर्षभरानं आष्टीच्या बाजारात किसनाजी भेटले. हातात बैलाची वेसण होती. माझ्याजवळ आले आणि अगदी शांतपणे विचारलं, "साहेब, तवाच समजलं असतं तं?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

"बरं जी," म्हणाले आणि गर्दीत निघून गेले.

ते खोटं होतं. सांगता येत होतं. नोकरीतल्या बाकीच्या चुका मी विसरलो, हे उत्तर विसरलो नाही.

तेव्हापासून माझा एक नियम झाला. तिरळं मूल आलं की बाहुली मोठी करायचे थेंब घालायचे, खोली अंधारी करायची आणि पाहायचं. रांग कितीही असो. लोक वैतागायचे. आरोग्य केंद्रातल्या खिडकीवर मी घोंगडी टांगायचो म्हणून तिथला शिपाई मला 'घोंगडीवाले' म्हणायला लागला. चार-पाच वर्षं त्या घोंगडीमागे मला एकही पांढरा डोळा दिसला नाही.

मग शेवंता आली.

गिरडच्या टेकडीपलीकडच्या एका गावची ती सून. वय असेल वीस-एकवीस. बाजाराच्या दिवशी मोतीबिंदूच्या म्हाताऱ्यांच्या रांगेत दीड वर्षाची मुलगी कडेवर घेऊन उभी होती. मी विचारलं, सासूचा नंबर लावायला आलीस का?

"नाई जी," ती म्हणाली. "माह्या पोरीले दाखवाचं हाय. वेणू नाव हाय तिचं."

"काय झालं?"

"तिच्या डाव्या डोयात काईतरी चमकते."

मुलीचे डोळे मला तिथे उजेडात अगदी चांगले दिसत होते. तिरळेपणा नाही, लाली नाही. मी विचारलं, "कधी चमकतं?"

"घरात अंधार असते नं, अन् दारातून उजेड येते. मी तिले दाराकडं तोंड करून जेवू घातलं का चमकते. भांड्याले कल्हई केल्यावानी. सासूबाई म्हनते मांजराचा डोया हाय, लक्ष्मीचं लक्षन हाय. हे म्हनते तुले भास होते." नवऱ्याचं नाव न घेता ती 'हे' म्हणत होती. "मंग मी एक करून पाह्यलं."

"काय केलं?"

तिनं मुलीला बाकावर बसवलं, हातात बिस्किट दिलं आणि आपल्या तळव्यानं तिचा डावा डोळा झाकला. वेणू बिस्किट खात राहिली. मग शेवंतानं उजवा डोळा झाकला. मुलीनं लगेच मान झटकली, आईचा हात ढकलला आणि भोकाड पसरलं.

"पाह्यलं? चांगला डोया झाकला का रडते. चमकते तो झाकला तं तिले फरकच पडत नाई. त्यानं तिले दिसत नाई, साहेब."

हीच तपासणी मला प्रशिक्षणात शिकवली होती, पुस्तकातून, आकृतीसकट. ही बाई शाळेची पायरी चढली नव्हती. चुलीपुढे बसून, कोणी विश्वास ठेवत नसताना, तिनं ती स्वतःच शोधून काढली होती.

घोंगडी लावली. थेंब घातले. अर्ध्या तासानं पाहिलं. बाहुलीमागे पांढरंफटक, त्यावर बारीक लाल रेघा. मी यंत्र खाली ठेवलं आणि वर्ध्याची चिठ्ठी लिहायला घेतली.

दुसऱ्या दिवशी शेवंता, तिचा नवरा देवराव आणि वेणू वर्ध्याला आले. साबळेबाईंनी मुलीला भूल देऊन दोन्ही डोळे नीट तपासले. उजवा स्वच्छ होता. डाव्यात गाठ होती, पण डोळ्याच्या आतच. बाईंनी सरळ सांगितलं, "डोळा काढावा लागेल. या आठवड्यात. मुलगी वाचेल असं मला वाटतं."

देवराव उभाच राहिला. "डोया काढाचा? लेकरू खेयून राह्यलं, जेवून राह्यलं, तिले काईच दुखत नाई, अन् तुमी डोया काढा म्हनता? इंजेक्शन नाई का? थेंब नाई का?" बाईंनी समजावलं. त्यानं मुलीला उचललं आणि चालता झाला. शेवंता त्याच्यामागे गेली. जाताना तिनं मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी मी पहिल्या बसनं निघालो. फाट्यापासून पुढे चालत. देवराव शेतात होता. कापसाची वेचणी चालली होती. मला पाहून तो काही 'या' म्हणाला नाही, पण वेचायचा थांबला. आम्ही बांधावर बसलो.

"पोरीची जात हाय, साहेब," तो म्हणाला. "एका डोयाची पोरगी कोन करीन? जलमभर लोक काय म्हनतीन तिले, तुमाले मालूम हाय. अन् दुखत तं नाई तिले."

"दुखत नाई म्हनूनच आता कराचं, भाऊ," मी त्याच्याच बोलीत म्हणालो. माझीही बोली तीच. "दुखाले लागलं का मंग येळ गेली."

त्यानं मान हलवली. माझ्याकडची कारणं संपली. मग मी त्याला मधुकरची गोष्ट सांगितली. नाव-गाव न सांगता, पण बाकी सगळं. तिरळा डोळा, माझा खुळखुळा, शाळेत गेल्यावर चष्मा, दहा महिने. हे मी घरीही कोणाला सांगितलं नव्हतं.

देवरावनं हातातल्या बोंडातली सरकी नखानं काढून टाकली. मग विचारलं, "त्याच्या बापाले सांगतलं का तुमी हे?"

"नाई."

"काऊन?"

"हिंमत नाई झाली."

"अन् मले काऊन सांगून राह्यले?"

"तुमी बी एका वर्षानं तसेच माह्यासमोर येऊन उभे राह्यसान. मले पुन्हा ते पाहाचं नाई."

तो उठला, कमरेला बांधलेल्या ओट्यातला कापूस ढिगावर रिकामा केला आणि घराकडे चालायला लागला. मी मागे. अंगणात शेवंता धान्य पाखडत होती. त्याच्याकडे न पाहताच तिनं सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन मुलीचे कपडे बांधायला घेतले. देवरावची आई दारात आडवी आली. "माह्या नातीले आंधयी करता का?" देवराव म्हणाला, "माय, शेवंतानं पाह्यलं तेच खरं होतं. आपुनच आंधये होतो."

त्याच संध्याकाळच्या बसनं आम्ही चौघं वर्ध्याला पोहोचलो.

शस्त्रक्रिया झाली. काढलेल्या डोळ्याबरोबर मागच्या नसेचाही लांब तुकडा काढतात आणि आजार तिथवर पोहोचला होता का ते तपासतात. आम्ही निकालाची वाट पाहत होतो त्या दिवसांत मी आयुष्यात पहिल्यांदा चुकीचे नंबर काढले. निकाल आला. नसेचं टोक स्वच्छ. साबळेबाईंनी कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता जरा चष्म्याचे नंबर नीट काढा."

पुढचं काम डोळ्याचं. कृत्रिम डोळा म्हणजे पूर्ण गोळा नसतो, वाटीसारखा पातळ तुकडा असतो, पापण्यांखाली बसवायचा. आमच्याकडे तयार डोळ्यांची एक पेटी होती. शेवंता ती पेटी घेऊन व्हरांड्यात उन्हात बसली आणि वेणूच्या उजव्या डोळ्याशेजारी एकेक धरून पाहायला लागली. बाईंनी निवडलेला तिनं नापसंत केला. "हा लय पिवया हाय. माह्या पोरीचा डोया चिंचोक्यावानी हाय." दोन तास घेतले. पण निवडला तो असा की पुढे मलाही पटकन ओळखू येत नसे.

तो डोळा एकदा ज्वारीच्या कणगीत पडला. वेणू तीन वर्षांची होती, काढून खेळत होती. अख्खी कणगी उपसली तेव्हा सापडला. देवरावनं ही हकीकत मला बाजारात इतकी हसत सांगितली की आजूबाजूची माणसं जमली.

त्याच वर्षी आष्टीला शिबिर लागलं तेव्हा मी किसनाजींच्या घरी गेलो. ओसरीवर बसून सांगितलं, "त्या दिवशी बाजारात तुम्ही विचारलं होतं. तेव्हाच कळलं असतं तर मधुकर बहुधा वाचला असता. मी खोटं बोललो."

किसनाजी म्हणाले, "मले मालूम होतं जी. तुमचं तोंड पाह्यलं तवाच." मग त्यांनी विचारलं, "तवापासून मंग दुसरं कोनी लेकरू आलं का तसं?" मी वेणूचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तिचा डोळा कणगीत पडल्याचंही सांगितलं, तेव्हा ते किंचित हसले. निघताना मला फाट्यापर्यंत सोडायला आले. त्यांनी माफ केलं असं मी म्हणणार नाही, तो शब्द आमच्यात निघाला नाही.

वेणूला भाऊ झाला तेव्हा शेवंता बोलावण्याची वाट पाहत बसली नाही. हा आजार कधी कधी घराण्यातून येतो, भावंडांनाही पाहावं लागतं, हे तिनं दवाखान्यात एकदाच ऐकलं होतं. बाळ सव्वा महिन्याचं झाल्याबरोबर ती वर्ध्याला हजर. साबळेबाईंनी दोन्ही डोळे पाहिले. स्वच्छ. नंतर ठरल्याप्रमाणे ती पुन्हा पुन्हा आणत राहिली, एकही खेप न चुकवता. गावात कोणाच्याही घरी लेकरू झालं की शेवंता त्याला अंधाऱ्या खोलीत दाराकडे तोंड करून धरते, असं मला तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं. सुरुवातीला बायका हसायच्या. नंतर आपणहून बोलवायला लागल्या.

माझी नोकरी पुढे बरीच वर्षं चालली. पण शाळेच्या तपासणीचा एक दिवस सांगतो आणि थांबतो.

वेणूच्या गावची शाळा. ती तेव्हा चौथीत होती. मुलांसाठी आमच्याकडे अक्षरांऐवजी खुणांचा तक्ता असायचा. तीन दातांच्या फणीसारखी एकच खूण, कुठे दात वर, कुठे खाली, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. वरची ओळ मोठी, शेवटची बारीक. मुलानं एक डोळा झाकायचा आणि दात कुठे आहेत ते सांगायचं. पोरी भिंतीलगत ओळीत बसल्या होत्या. वेणूचा नंबर बराच मागे होता.

ती पुढे आली. दोन वेण्या, लाल रिबिनी. मला ओळखत होतीच. मी म्हटलं, "डावा झाक." तिनं झाकला आणि उजव्या डोळ्यानं शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड सांगितलं. एकही चूक नाही. मी कार्डावर लिहायला घेतलं.

"साहेब, दुसरा नाई पाहात का?"

मी वर पाहिलं. तिनं उजव्या डोळ्यावर तळवा घट्ट दाबला होता आणि डावा, तिच्या आईनं उन्हात बसून निवडलेला, तक्त्याकडे वळवला होता.

"वर, उजवीकडं, खाली, खाली, डावीकडं, वर," तिनं शेवटची ओळ एका दमात म्हटली. एकेक खूण बरोबर.

मास्तर खुर्चीवरून उठले. पोरी तोंडावर हात दाबून हसायला लागल्या. सगळ्यांना तिच्या डोळ्याचं ठाऊक होतं. मी विचारलं, "वेणू, हे कसं गं?"

"माह्या पुढं एकवीस पोरी झाल्या जी," ती म्हणाली. "ऐकून ऐकून पाठ झालं." आणि जागेवर परत जाताना मागच्या मुलीला मोठ्यानं सांगितलं, "शेवटची ओय पाठ कर वं, साहेब तेच इचारते."

त्या दिवशी उरलेल्या सगळ्या पोरींची तपासणी मला तक्ता उलटा टांगून करावी लागली.